नागीण बरगडीवर, मग डॉक्टर सोडियम का तपासतात?

पाठीपासून बरगडीपर्यंत एकाच बाजूला पाण्याच्या फोडांचा पट्टा उठतो. आग होते, सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. घरातलं कोणीतरी बघतं आणि सांगतं, नागीण आहे. इथवर सगळं ओळखीचं असतं. कोडं पडतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. फोडांवर खपली धरू लागलेली असते, पण सत्तरीचे आजोबा सकाळी चहा समोर ठेवून विचारतात, "आज दुकान उघडायचं नाही का?" दुकान बंद होऊन दहा वर्षं झालेली असतात. डॉक्टर फोड बघतात, पण चिठ्ठीवर लिहितात सोडियम. रिपोर्ट येतो १२२, आणि आजोबांना त्याच दिवशी दाखल करावं लागतं. फोड अंगावर आणि बिघाड मिठात, याची सांगड कशी घालायची, हे घरच्यांना कळत नाही.

ही गुंतागुंत विरळा आहे. नागीण झालेल्या बहुतेकांना ती होत नाही. तरीही ती समजून घ्यायला हवी, कारण अशा वेळी घरात मायेपोटी जे केलं जातं, त्यातलं बरंचसं नेमकं उलट्या दिशेनं काम करतं.

आधी नागिणीविषयी थोडं

लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. कण्याला लागून आणि कवटीच्या तळाशी मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, तिथे तो वर्षानुवर्षं दडून राहतो. वय वाढलं, मधुमेह, कर्करोगाचं औषध किंवा स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खालावली, की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं त्वचेपर्यंत येतो. त्या तंतूचा जेवढा प्रदेश, तेवढ्यातच फोड येतात. म्हणून पट्टा एकाच बाजूला असतो आणि बहुधा अंगाच्या मध्यरेषेपाशी थांबतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळली की माणूस दगावतो, ही समजूत म्हणून निराधार आहे. मात्र फोड पट्टा सोडून सगळ्या अंगभर पसरू लागले, तर प्रतिकारशक्ती फार खालावल्याची ती खूण असते. सोडियमची गुंतागुंतही अशाच रुग्णांत अधिक दिसते.

विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत उपयोगी पडतात. नेहमीचा डोस म्हणजे असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस. किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा. मूत्रपिंड कमजोर असेल तर हा डोस कमी करावा लागतो. नागीण उतरवून घेण्यात आणि गेरू लावण्यात जे दोन-तीन दिवस जातात, ते नेमके हेच ७२ तास असतात.

मीठ संपलेलं नसतं, आमटी पातळ झालेली असते

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ या पट्ट्यात असतं. रिपोर्टवर त्यापुढे मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असं एकक छापलेलं असतं. आपण नुसत्या आकड्यानं बोलू. १३० ते १३४ म्हणजे सौम्य घट, १२५ ते १२९ मध्यम, १२५ च्या खाली गंभीर.

या आकड्याचा लोक हमखास एक चुकीचा अर्थ लावतात. १२२ म्हटलं की वाटतं, शरीरातलं मीठ संपलं. पण हा आकडा मिठाचा साठा सांगत नाही, मीठ किती पाण्यात विरघळलंय ते सांगतो. चार माणसांची आमटी केलेली असते, ऐनवेळी आणखी दोघं येतात आणि आपण तांब्याभर पाणी घालून उकळी आणतो. मीठ तेवढंच राहतं, आमटी अळणी लागते. नागिणीतल्या घसरणीत बहुतेक वेळा मुख्यतः हेच झालेलं असतं.

हिशेब करून बघा. साठ किलोच्या वयस्क माणसाच्या अंगात साधारण ३० लिटर पाणी असतं. सोडियम १४० असताना त्यात ३ लिटर जादा पाणी साठलं, तर आकडा १२७ वर येतो. रोज अर्धा-पाऊण लिटर बाहेर पडायचं राहिलं, तर चार-पाच दिवसांत एवढं साठतं. पाय सुजत नाहीत, कारण हे पाणी सगळ्या पेशींत वाटलं जातं. मेंदूच्या पेशीही त्यात आल्या. कवटीला ताणायला जागा नाही, म्हणून पेशी फुगल्या की पहिली तक्रार डोक्याची असते: मळमळ, डोकेदुखी, सुस्ती, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, आणि आकडा फार खाली किंवा फार झपाट्यानं गेला तर फेफरं.

मोरबे भरलंय, पण पाणीकपात उठत नाही

पाणी बाहेर पडायचं का राहतं? इथे हार्मोन येतं. मेंदूच्या तळाशी अँटिडाययुरेटिक हार्मोन तयार होतं आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटतं. डॉक्टर त्याला एडीएच म्हणतात. त्याचा हुकूम मूत्रपिंडाला एवढाच असतो, की पाणी वाचव. पाणी कमी प्यायलं, घाम गेला, रक्त घट्ट झालं, की एडीएच वाढतं, लघवी गडद आणि थोडी होते. भरपूर पाणी प्यायलं की एडीएच थांबतं आणि लघवी पाण्यासारखी, भरपूर होते.

नवी मुंबईकरांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. मोरबे धरणातला साठा खाली गेला की पाणीकपात लागू होते, पाऊस पडून साठा वाढला की ती उठते. आता कल्पना करा, धरण काठोकाठ भरलंय, पण कपातीचा हुकूम कोणी मागेच घेत नाही. शरीरात असं झालं की त्याला एसआयएडीएच म्हणतात, म्हणजे गरज नसताना एडीएच स्रवत राहणं. विल्यम श्वार्ट्झ आणि फ्रेडरिक बार्टर यांनी १९५७ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांत हा प्रकार पहिल्यांदा मांडला. नंतर तो न्यूमोनिया, क्षय, मेंदूचे संसर्ग, कितीतरी औषधं आणि नागीण यांतही आढळत गेला.

नागिणीत हे घडवणाऱ्या गोष्टी एकाहून अधिक असतात. तीव्र वेदना आणि मळमळ या स्वतःच एडीएच वाढवणाऱ्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर सोडियम घसरतं, त्यातही यांचा हात असतो. विषाणू मेंदूपर्यंत किंवा फुफ्फुसात पोचला, तर एडीएचचं नियंत्रण थेट बिघडू शकतं. डोळ्याभोवतीची किंवा कानाची नागीण, अंगभर पसरलेली नागीण आणि पोटातल्या अवयवांच्या मज्जातंतूंना धरणारी नागीण, यांत एसआयएडीएच आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पोटाचा प्रकार सर्वांत फसवा. त्यात पोट असह्य दुखतं, सोडियम खाली जातं आणि फोड उमटतात नंतर काही दिवसांनी. तोवर सोनोग्राफी होते, सीटी स्कॅन होतो, काही सापडत नाही.

"पण ही तर उष्णता, पाणी नको का द्यायला?"

फोड म्हणजे अंगातली उष्णता, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. मग तासातासाला पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी, शहाळी, पातळ ताक, आणि काही घरांत पथ्य म्हणून अळणी जेवण. एरवी यातल्या बहुतेक गोष्टी निरुपद्रवी आहेत. ठाण्याच्या दमट उकाड्यात धडधाकट माणसानं पाणी प्यायलाच हवं. पण एडीएच अडकलेल्या माणसाचं मूत्रपिंड जादा पाणी टाकू शकत नाही. त्यात अळणी जेवण आलं की आमटीतलं मीठही कमी आणि वर पाणीही जास्त. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम त्या मानानं कमी. त्यामुळे सोडियम भरून काढायला त्याचा उपयोग नाही.

म्हणून तहान लागेल तेवढं पाणी द्या, आग्रह करून पाजू नका. रुग्ण वयस्क असेल आणि पाणी भरपूर पिऊनही मळमळ, डोकेदुखी, सुस्ती वाढत असेल, तर पाण्याचा पुढचा ग्लास भरण्याआधी सोडियम तपासून घ्या.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. असायक्लोव्हिर मूत्रपिंडातून बाहेर पडतं. विशेषतः शिरेतून देताना अंगात पाणी कमी असेल, तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतात, म्हणून या औषधावर पाणी नीट प्यायला सांगतात. एसआयएडीएचमध्ये मात्र पाणी आवरायचं असतं. या दोन सूचना एकमेकींवर आदळतात. त्यातून वाट काढण्यासाठी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी), सोडियम आणि चोवीस तासांची लघवी, हे तिन्ही समोर ठेवावं लागतं. घरच्या घरी, कोणाच्या सांगण्यावरून यातली एक बाजू पकडू नये.

"मग लोणचं-मीठ जास्त खाल्लं तर?"

हा इलाज बहुतेकांना सुचतो. अडचण अशी, की जादा पाणी साठल्यावर शरीराला वाटतं टाकी ओसंडतेय, आणि ते लघवीतून सोडियम बाहेर टाकू लागतं. तपासणीत हेच विचित्र चित्र दिसतं: रक्त पातळ, तरी लघवी घट्ट आणि तिच्यात सोडियम भरपूर. मग चमचाभर मीठ सरबतातून घेतलं, तर मीठ लघवीवाटे जातं आणि सरबताचं पाणी मात्र अंगात राहतं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना जादा मिठाचा तोटा वेगळाच. डॉक्टर काही रुग्णांना मिठाच्या गोळ्या देतात, पण पाण्यावर बंधन घालून आणि बऱ्याचदा लघवीच्या औषधाच्या जोडीनं.

"एक सलाईन लावून टाका ना"

दवाखान्यात सर्वाधिक होणारा आग्रह हाच, आणि सर्वांत मोठा धोकाही यातच आहे. नेहमीच्या ०.९ टक्के सलाईनच्या एका लिटरमध्ये ३०८ विरघळलेले कण-एकक असतात (मिलिऑस्मोल म्हणतात त्यांना). एसआयएडीएचच्या रुग्णाची लघवी समजा ६१६ इतकी घट्ट आहे. त्याचं मूत्रपिंड सलाईनमधलं सगळं मीठ अर्ध्या लिटर लघवीत बाहेर टाकतं. उरलेलं अर्धा लिटर साधं पाणी शरीरात राहतं. सलाईन लावलं आणि सोडियम १२२ वरून १२० वर गेलं, याचं गणित असं असतं. डेक्स्ट्रोजची बाटली तर याहून वाईट. त्यातली साखर वापरली गेली की शिल्लक राहतं ते निव्वळ पाणी.

उलट जुलाब-उलट्यांनी अंग कोरडं पडलेल्या रुग्णाला हेच सलाईन वाचवतं. दोघांचाही सोडियमचा आकडा १२२ असू शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावरून बाटली टांगायची नसते. रक्ताची आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे घट्टपणा, आणि लघवीतलं सोडियम बघायचं असतं. रक्त २७५ च्या खाली, लघवी १०० च्या वर, लघवीतलं सोडियम ३० च्या वर, अंगावर सूज नाही, अंग कोरडं नाही, मूत्रपिंड, थायरॉइड आणि अॅड्रिनल (मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी) ठीक आणि लघवी वाढवणारी गोळी चालू नाही, असं सगळं जुळलं तर एसआयएडीएच. लघवीचा नमुना बाटली लावण्याआधी घेतलेला हवा. नंतर घेतलेला नमुना दिशाभूल करतो. सलाईन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलं, तर तेही फसवं येतं.

फेफरं किंवा बेशुद्धी असेल, तर ३ टक्क्यांचं तीव्र सलाईन १०० ते १५० मिलिलिटर दहा-वीस मिनिटांत देतात. आकडा ४ ते ६ नं वर आला तरी मेंदूवरचा ताण बहुधा उतरतो. त्यापुढे मात्र घाई करायची नाही. दोन दिवसांहून अधिक काळ सोडियम खाली असलं, की मेंदूच्या पेशींनी आतले क्षार बाहेर काढून स्वतःला जुळवून घेतलेलं असतं. अशा वेळी रक्तातला आकडा झपाट्यानं वर नेला, तर पेशी आक्रसतात आणि तंतूंवरचं आवरण झडतं. काही दिवसांनी बोलणं, गिळणं, हातपाय हलवणं बंद पडू शकतं. म्हणून चोवीस तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढ होऊ देत नाहीत. "काल ११८ होतं, आज १२५ च?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावं. सात अंकांची वाढ ही चांगली गती आहे.

दोष नागिणीचाच असतो असं नाही

नागिणीच्या रुग्णाच्या पिशवीतल्या गोळ्या एकदा टेबलावर मांडून बघाव्यात. मज्जातंतूच्या दुखण्यासाठी दिलेली कार्बामाझेपिन सोडियम खाली नेण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. ऑक्सकार्बाझेपिनही तशीच. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि ट्रामाडोल यांनीही ते घसरू शकतं. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या एडीएचचा जोर वाढवतात. आणि बीपीची गोळी! तिच्या नावात एच किंवा सीएच असं शेपूट असेल, तर बहुधा तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन मिसळलेलं असतं. ही दोन्ही वयस्कांत सोडियम कमी होण्याच्या सर्वांत नेहमीच्या कारणांपैकी आहेत. वर्षानुवर्षं सोसलेली गोळी, त्यात नागिणीची वेदना, त्यात नवी कार्बामाझेपिन आणि आग्रहाचं पाणी. असा चौघांचा मेळ जमला की आकडा कोसळतो. एकट्या नागिणीवर खापर फोडून ही यादी न बघणं, ही मोठी चूक.

दुसरा हार्मोनही इथे लपलेला असतो. दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी महिनोन्महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवणं जवळजवळ थांबवतात. याच रुग्णांना नागीण होण्याचा धोकाही जास्त. मग कोणीतरी सांगतं, स्टेरॉइडनंच नागीण झाली, आजपासून बंद करा. गोळी अचानक थांबते, आजारात वाढीव कॉर्टिसॉलची गरज असताना ते मुळीच मिळत नाही, आणि रक्तदाब, साखर, सोडियम तिन्ही खाली येतात. उलट्या, टोकाचा अशक्तपणा, उठताच चक्कर ही त्याची चिन्हं. इलाजही वेगळा: हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन, इथे मात्र खरोखर सलाईन. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड चालू असेल, तर ते स्वतःहून थांबवायचं नाही, आणि दाखल होताना हे डॉक्टरांना पहिल्या दमात सांगायचं. सांधेदुखीवर कुठून पुड्या घेत असाल तर त्याही दाखवा. काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

रक्तातली साखर चारशेच्या घरात असेल, तर त्यामुळेही सोडियम कमी दिसतं. साखर १०० च्या वर जेवढ्या शंभरांनी जाते, तेवढ्या वेळा साधारण १.६ मिळवून खरा आकडा धरतात. मधुमेह्यांच्या रिपोर्टमध्ये हा हिशेब आधी करावा.

गोंधळ उडाला की कारण सोडियमच, असं का धरायचं?

धरायचं नाही. ते तपासायचं, कारण ते रक्ताच्या साध्या तपासणीत काही तासांत कळतं आणि सुधारता येतं. पण नागिणीत बडबडण्याची आणखी कारणं असतात. विषाणूनं मेंदूला सूज आली असेल, तर असायक्लोव्हिर शिरेतून द्यावं लागतं, आणि त्यात उशीर परवडत नाही. मूत्रपिंड कमजोर असताना गोळ्यांचा पूर्ण डोस गेला, तर असायक्लोव्हिरच डोक्यात चढतं. भास होतात, हात थरथरतात. मज्जातंतूच्या दुखण्यावरच्या प्रिगॅबालिन, गॅबापेंटिनची गुंगी असते. साखर खाली गेलेली असते. म्हणून सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि साखर एकत्र बघतात. पोटॅशियम चढलेलं आणि सोडियम उतरलेलं असेल, तर अॅड्रिनलचा संशय बळावतो.

फेफरं, न उठणारी झोप, असंबद्ध बोलणं, थांबत नसलेल्या उलट्या, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, वाशीत महापालिकेचं रुग्णालय आहे. सोबत गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या न्या, नुसती नावं सांगू नका. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर सोडियमचं काही असो, डोळ्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

पाणी मोजायचं कसं

एसआयएडीएच ठरलं आणि रुग्ण शुद्धीवर असला, की पहिला इलाज म्हणजे पाण्यावर बंधन, बहुधा दिवसाला ८०० ते १००० मिलिलिटर. ऐकायला सोपं, पाळायला फार कठीण, कारण घरात पाणी फक्त पाण्याच्या ग्लासातून येत नाही. चहा, ताक, आमटी, पेज, सार, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच मोजायचं. कलिंगड आणि मोसंबीही.

सोपी रीत अशी. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवा. रुग्ण त्यातलंच पिईल. चहा दिला की तेवढाच कपभर बाटलीतून ओतून काढा, आमटीची वाटी दिली की वाटीभर काढा. बाटली संपली की दिवस संपला. आपलं फुलपात्र किती मिलिलिटरचं आहे ते एकदा मोजून घ्या, अंदाज नेहमी चुकतो. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून थुंकायची, बर्फाचा लहान खडा चघळायचा. लघवी मोजायच्या भांड्यात करून आकडा वेळेसह वहीत लिहा. घाम काढणारी दुपार टाळा, पंख्याखाली बसवा. फार घाम जात असेल तर डॉक्टरांना कळवून बंधन बदलून घ्या. आणि जेवण अळणी नको, घरच्यासारखं नेहमीच्या मिठाचं हवं.

लघवी फारच घट्ट असेल तर नुसत्या बंधनानं भागत नाही. मग एडीएचचा हुकूम मूत्रपिंडाशीच अडवणारं टोलव्हॅप्टन वापरतात. ते रुग्णालयातच सुरू करतात, कारण त्यानं लघवी एकदम वाढते आणि आकडा हवा त्याहून वेगानं चढू शकतो. त्या काळात पाण्याचं बंधन उठवलेलं असतं. रुग्णाला तहान लागेल तसं पाणी द्यायचं.

घरी आल्यावर

नागीण ओसरली की बहुतेकांचं एडीएच ताळ्यावर येतं, त्यामुळे पाण्याचं बंधन जन्मभराचं नसतं. पण ते कधी उठवायचं हे तपासणीवरून ठरतं. घरी सोडल्यावर आठवड्याच्या आत सोडियम एकदा तपासा. नागिणीनंतरच्या ठणक्यासाठी कार्बामाझेपिन किंवा ड्युलोक्सेटिन नव्यानं सुरू झालं असेल, तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा. बीपीची गोळी बदलून दिली असेल, तर जुनी पट्टी डब्यातून काढून टाका. सवयीनं तीच पुन्हा सुरू होते आणि महिन्याभरात रुग्ण परत त्याच आकड्यावर येतो.

पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही ती देता येते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं, दंडात. ती सरकारी मोफत लसीकरणात नाही आणि स्वस्तही नाही. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते, पण अंगावरचे फोड पूर्ण बरे झाल्यावर.